परदेशातील अँग्लिकन मंडळीने उपासनावर्ष कसे पाळावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातले, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढलेले आहात. नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये स्थायिक झाल्यावर तिथल्या इंग्रजीभाषक अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) मंडळीचे सभासद झालात आणि यंदा तिच्या चर्च कौन्सिलवर निवडून आलात. कौन्सिलपुढे असा प्रस्ताव आहे की नाताळात आणि उन्हाळ्यात निम्मी माणसे आपापल्या देशी जातात, तीन-चार वर्षांत मंडळीतले बहुतेक चेहरे बदलतात आणि प्रत्येक जण वेगळ्या परंपरेतून आलेला असतो. म्हणून नाताळ आणि ईस्टर एवढे दोन सण ठेवून बाकीचे उपासनावर्ष, म्हणजे ठरलेले सण आणि काळ यांनी बांधलेले चर्चचे वर्ष, सोडून द्यावे आणि रविवारची एकच साधी उपासना वर्षभर सारखी चालवावी. हे योग्य आहे का, नसेल तर काय ठेवावे आणि काय हलवावे, आणि मराठी कुटुंबांनी यात कोणता भार उचलावा, असे आपण विचारले आहे. मी याच देशातल्या दुसऱ्या एका अँग्लिकन मंडळीत बिशपांच्या परवान्याने रीडर, म्हणजे पाळक नसलेला उपासनासेवक, म्हणून दीर्घकाळ सेवा करीत आहे आणि उपासनेचे वार्षिक वेळापत्रक आखण्याचे काम माझ्याकडे राहिले आहे, त्या आधारावर हे उत्तर देतो.

कौन्सिलने हा प्रस्ताव स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उपासनावर्ष सोडण्यासाठी जी कारणे दिली आहेत, ती सगळी मला ते अधिक निगुतीने पाळण्याची कारणे वाटतात. इंग्लंडमध्ये सारा देश पॅरिशांमध्ये, म्हणजे चर्चच्या ठरावीक हद्दींमध्ये, वाटलेला आहे आणि हद्दीत राहणाऱ्या माणसाचा, तो चर्चला जावो अथवा न जावो, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या निमित्ताने आपल्या पॅरिशशी संबंध उरतोच. आपल्या गावाकडच्या मंडळीतही तसेच असते. आजोबांचे थडगे चर्चच्या दफनभूमीत असते, पाळकसाहेबांना तीन पिढ्या ठाऊक असतात आणि एखाद्या रविवारी आपण दिसलो नाही तर संध्याकाळी कोणीतरी चौकशीला येते. युरोप खंडातल्या अँग्लिकन मंडळीला असा कोणताच आधार नसतो. १८४२ मध्ये स्थापन झालेली जिब्राल्टरची डायोसिस (बिशपांच्या अखत्यारीतला विभाग) आणि उत्तर व मध्य युरोपातील मंडळ्या १९८० मध्ये एकत्र येऊन चर्च ऑफ इंग्लंडची आपली सध्याची युरोप डायोसिस तयार झाली. तिचे कॅथीड्रल जिब्राल्टरमध्ये आहे, ब्रसेल्स आणि माल्टातील वालेटा येथे प्रो-कॅथीड्रल (कॅथीड्रलचा दर्जा दिलेली चर्च) आहेत, आणि मोरोक्कोपासून रशियापर्यंत तिच्या मंडळ्या विखुरलेल्या आहेत. या मंडळ्यांना हद्द नाही, अनेकींना स्वतःची इमारत नाही, आणि चॅप्लिनच्या (मंडळीच्या पाळकांच्या) वेतनापासून घरभाड्यापर्यंतचा खर्च सभासदांच्या वर्गणीतूनच चालतो. (बेल्जियमचा अपवाद मोठा आहे, तिथे अँग्लिकन धर्म राज्यमान्य असल्यामुळे मान्यताप्राप्त पाळकपदांचे वेतन सरकार देते.) अशा मंडळीत लोकांमध्ये समाईक काय असते? गाव नाही, जात-कुळी नाही, मातृभाषा नाही, नोकरीचे क्षेत्रही नाही. समाईक असतो तो काळ. लागोसहून आलेली परिचारिका, कोट्टायमचा संशोधक, निवृत्त इंग्रज शिक्षिका आणि आपण, या चौघांनाही नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार कोणत्या दिवशी आहे हे सारखेच ठाऊक असते, आणि त्या दिवशी जांभळे वेदीवस्त्र पाहून चौघांनाही आपण आपल्या ठिकाणी आलो आहोत असे वाटते. तो काळच काढून घेतला, तर उरते ती दर रविवारी भरणारी इंग्रजी सभा, आणि तशा सभा या देशातल्या प्रत्येक शहरात पुष्कळ आहेत.

यात मराठी माणसाला अनोळखी असे काही नाही. मुंबईच्या फोर्टातले सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळदिनी उपासनेसाठी उघडले, तेव्हा तीही परदेशी वसलेली अँग्लिकन मंडळीच होती. ईस्ट इंडिया कंपनीचे चाकर, शिपाई आणि व्यापारी, ज्यांतले कित्येक काही वर्षांत परत जात किंवा तिथेच दफन होत. पुढे त्याच परंपरेच्या मंडळ्या इथल्या भाषेत आणि इथल्या माणसांत रुजल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. आज आपण उलट दिशेने प्रवास करून आलो आहोत, आणि जे उपासनावर्ष आपल्या पणजोबांनी मराठीत शिकून घेतले तेच इथे आपल्याला घरचे वाटते.

आता व्यवहाराकडे येतो. सगळे दिवस जसेच्या तसे पाळा, असे मी म्हणत नाही, कारण तसे केले तर वॉर्डन (मंडळीचे व्यवस्था पाहणारे) आणि गायकवृंद दोन वर्षांत थकून जातील. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमांनीच काही सवलती दिल्या आहेत आणि त्या पुरेशा आहेत. ६ जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण २ ते ८ जानेवारीच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी घेता येतो. २ फेब्रुवारीचा प्रभूच्या मंदिरातील समर्पणाचा सण २८ जानेवारी ते ३ फेब्रुवारीच्या दरम्यानच्या रविवारी घेता येतो. १ नोव्हेंबरचा सर्व पवित्र जनांचा सण ३० ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबरच्या दरम्यानच्या रविवारी घेता येतो. राखेचा बुधवार, ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्याचे दिवस आणि स्वर्गारोहण दिन मात्र हलवता येत नाहीत. तेव्हा वेळापत्रक करताना आधी हे न हलणारे दिवस लिहावेत, मग शाळांच्या सुट्ट्या, मग ज्यांच्या इमारतीत आपण भाड्याने उपासना घेतो त्या डच मंडळीचे कार्यक्रम, आणि शेवटी आपल्या सोयीचे दिवस. हे काम जूनमध्ये झाले पाहिजे. सप्टेंबरात करायला बसलो की इमारत दुसऱ्या कोणाला तरी देऊन झालेली असते. शाळांच्या सुट्ट्या पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी: या देशात उन्हाळी सुट्टी उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन विभागांत वेगवेगळ्या तारखांना सुरू होते आणि ईस्टरची स्वतंत्र लांब सुट्टी नसते, वसंतातली मोठी सुट्टी एप्रिलच्या अखेरीस येते. म्हणजे ईस्टरला सगळे निघून जातात ही समजूत इंग्लंड किंवा बेल्जियमच्या बाबतीत काही अंशी खरी असली, तरी आपल्याकडे ती बरीचशी खोटी आहे. कौन्सिलमध्ये हा मुद्दा आधी मांडावा.

आगमनकाळाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सगळ्यात जास्त ओढाताण तिथेच होते. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी सिंटरक्लासचा (मुलांना भेटी देण्याचा डच) सण संपला की सारे शहर नाताळाच्या दिव्यांनी भरून जाते, आणि विसाव्या तारखेपर्यंत आपली निम्मी मंडळी विमानात बसलेली असते. त्यामुळे नाताळची गीते पहिल्याच रविवारपासून गाऊ या, असा आग्रह धरला जातो. त्याला मान तुकवू नये, पण त्याची गरजही नाकारू नये. नऊ वाचने आणि नाताळगीते यांची संध्याकाळची उपासना, जी १८८० मध्ये ट्रूरो येथे प्रथम झाली आणि १९१८ पासून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमुळे जगभर पोचली, ती आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारच्या आसपास घ्यावी. त्या सुमारास विद्यार्थीही असतात आणि कुटुंबेही. एरवी चर्चची पायरी न चढणारे कितीतरी डच शेजारी या एका संध्याकाळी येतात, म्हणून दाराशी स्वागताला चार माणसे असावीत, गीतपत्रिका भरपूर छापाव्यात आणि वाचकांमध्ये एक डच वाचक असावा. सकाळच्या उपासना मात्र शेवटपर्यंत आगमनकाळाच्याच राहू द्याव्यात: ग्लोरिया हे स्तुतिगीत गायचे नाही, वेदीवर फुले कमी, वाचने यशयाची आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची. हिरव्या फांद्यांच्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढवण्याची रीत जर्मनीतून आली. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये अनाथ मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून ती सुरू केली. मंडळीतल्या एखाद्या जर्मन कुटुंबाकडे हे काम द्यावे आणि मेणबत्ती लावायला दर रविवारी वेगळ्या देशाचे मूल पुढे बोलवावे. वाट पाहणे ही गोष्ट परदेशी राहणाऱ्यांना फार जवळची आहे. कोणी व्हिसाची वाट पाहत असते, कोणी आईच्या भेटीची, कोणी आश्रयाच्या अर्जावरील निर्णयाची. त्यांना चार आठवडे वाट पाहण्याची भाषा देणारा काळ मंडळीने स्वतःहून गमावू नये.

प्रत्यक्ष नाताळला उपस्थिती कमी असते आणि ते स्वाभाविक आहे. मध्यरात्रीचे प्रभुभोजन आणि सकाळची एक छोटी उपासना पुरेशी होते. त्या दिवशी जे शहरात राहतात ते बहुधा असे असतात की ज्यांना जाणे परवडत नाही किंवा जाता येत नाही: विद्यार्थी, रुग्णालयात पाळी असलेले, निर्वासित, एकटे वृद्ध. त्यांच्यासाठी दुपारच्या जेवणाची व्यवस्था करावी आणि तो कार्यक्रम उपासनेचाच भाग मानून वेळापत्रकात लिहावा. माणसे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परततात, आणि म्हणूनच प्रकटीकरणाचा रविवार आपल्याकडे इंग्लंडमधल्यापेक्षा मोठा करावा, असे माझे मत आहे. नाताळचा काळ तेव्हा चालूच असतो. दूरदेशाहून प्रवास करून आलेल्या ज्ञानी लोकांची गोष्ट प्रवास करून परतलेल्या मंडळीला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तिथे नाताळची गीते पुन्हा गाता येतात आणि प्रत्येकाने आपल्या घरून आणलेला खाऊ उपासनेनंतर वाटून खाता येतो.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो आणि तो कामाचा दिवस असल्यामुळे उपासना संध्याकाळी साडेसातच्या आधी ठेवू नये. राखेसाठी मागच्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी वाटलेले क्रूस मंडळीने परत आणून द्यायचे असतात; हे आधीच्या दोन रविवारी सांगावे, नाहीतर जाळायला काही नसते. दर आठवड्याला एकेका घरी साधे सूप आणि वाचनवर्ग ठेवला, तर जी कुटुंबे एरवी उपासना संपताच निघून जातात त्यांची ओळख याच सहा आठवड्यांत होते. उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी येणारा मातृदिन हा इंग्रजी परंपरेचा दिवस आहे. डच मातृदिन मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असतो, त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो, पण तो दिवस सोडू नये. आपल्या मंडळीत बहुतेकांच्या आया हजारो किलोमीटर दूर असतात, काहींच्या वारलेल्या असतात, काही स्त्रियांना मूल हवे असून झालेले नसते. या सगळ्यांसाठी त्या दिवशी नीट विचारपूर्वक प्रार्थना लिहावी, फुलांची जुडी आयांनाच न देता उपस्थित प्रत्येकाला द्यावी, आणि मदर्स युनियनच्या आफ्रिकी भगिनी मंडळीत असतील तर प्रार्थनेचे पुढारीपण त्यांच्याकडे सोपवावे. १८७६ मध्ये मेरी समनर यांनी इंग्लंडमध्ये सुरू केलेली ही संघटना आज आफ्रिकेत फार मोठी आहे, आणि तिच्या भगिनींना मंडळी चालवण्याचा अनुभव बहुधा आपल्या कौन्सिलपेक्षा जास्त असतो.

पवित्र आठवडा हा सगळ्या वर्षाचा कणा आहे. प्रस्तावात उत्तम शुक्रवार सोडून द्यावा असे सुचवले असेल, तर तेवढ्यापुरते तरी कौन्सिलने ठाम राहावे. अडचण खरी आहे: या देशात उत्तम शुक्रवारी बहुतेक कंपन्यांची कामे चालूच असतात आणि दुपारी बारा ते तीन ही तीन तासांची परंपरागत उपासना पाळणे नोकरदारांना जमत नाही. आमच्याकडे दुपारी तीन वाजता मौन, वाचन आणि क्रूसापुढील प्रार्थना अशी एक तासाची उपासना होते आणि संध्याकाळी योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचे वाचन पुन्हा होते. पहिलीला वृद्ध येतात, दुसरीला नोकरदार. आदल्या गुरुवारी पाय धुण्याच्या विधीला लोक संकोचतात, आणि भारतीय तर फारच संकोचतात, कारण चॅप्लिनने आपल्या पायांना हात लावावा हे आपल्याला सहन होत नाही. तरीही आपण कौन्सिल सदस्य म्हणून पाय धुवून घेणाऱ्या बाराजणांत बसावे. आपण बसलात की इतर बसतात. त्यानंतर वेदी उघडी केली जाते, दिवे मालवले जातात आणि मध्यरात्रीपर्यंत जागरण चालते. इमारत दुसऱ्यांची असेल तर किल्ली, दिवे आणि गजर यांची व्यवस्था लेखी ठरवून घ्यावी. शनिवारी रात्रीच्या जागरणात बाहेर नवा अग्नी पेटवला जातो, त्यावरून ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात, आणि अंधाऱ्या चर्चमध्ये ती आत नेताना प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती एकेक करून पेटते. रस्त्यालगत अग्नी पेटवण्यासाठी नगरपालिकेची परवानगी लागते का, हे फेब्रुवारीतच विचारावे. या रात्री बाप्तिस्मा असेल तर दुसरे काहीही मागू नये. आमच्या मंडळीत इराणहून आलेल्या काही प्रौढांचा बाप्तिस्मा असाच झाला, आणि ज्यांना ईस्टरचे जागरण लांबलचक वाटत असे, त्यांनीच पुढच्या वर्षी त्याची तारीख आधी विचारली.

नेदरलँड्समध्ये आपल्याला एक विशेष सोय आहे ती अशी, की १९३१ च्या बॉन करारामुळे अँग्लिकन चर्च आणि ओल्ड कॅथलिक चर्च (रोमपासून वेगळे झालेले कॅथलिक चर्च) यांच्यात पूर्ण सहभागिता, म्हणजे एकमेकांच्या प्रभुभोजनात सहभागी होण्याची मोकळीक, आहे, आणि ओल्ड कॅथलिकांच्या आर्चबिशपचे पीठ उट्रेख्टमध्येच आहे. पवित्र आठवड्यातल्या एखाद्या उपासनेला आपली माणसे कमी पडत असतील, तर ती रद्द करण्यापेक्षा जवळच्या ओल्ड कॅथलिक मंडळीबरोबर घ्यावी. स्वर्गारोहण दिनासाठी तर मी हेच सुचवीन. तो गुरुवार इंग्लंडमध्ये कामाचा दिवस असतो आणि तिथे संध्याकाळी थोडीच माणसे जमतात. इथे ती सार्वजनिक सुट्टी असते. जो सण मायदेशी दुर्लक्षित राहतो तो इथे सकाळी दहा वाजता सहकुटुंब पाळता येतो, ही संधी आहे.

पेंटेकॉस्टच्या (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या) दिवशी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा दुसरा अध्याय अनेक भाषांतून वाचण्याची प्रथा परदेशातल्या बहुतेक मंडळ्यांत आहे. ती करावी, पण तिचा तमाशा होऊ देऊ नये. सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या भाषेत मोठ्याने वाचले की गोंगाट होतो, लोक हसतात आणि वचन हरवते. एकेका वाचकाने आपल्या भाषेत दोन-दोन ओव्या संथपणे वाचाव्यात, इंग्रजी मजकूर सर्वांच्या हातात असावा, आणि वाचक बसल्याजागीच उभा राहिला तर आवाज चर्चच्या चारही कोपऱ्यांतून येतो. मराठी वाचनासाठी शक्यतो एखाद्या लहान मुलाला तयार करावे. घरी मराठी बोलणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या मुलांना या एका वाचनापायी देवनागरी शिकवलेली मी पाहिली आहे.

त्यानंतरचे हिरव्या वेदीवस्त्राचे रविवार शांतपणे जाऊ द्यावेत. जुलै-ऑगस्टमध्ये चॅप्लिन सुट्टीवर जातात, इंग्लंडहून एखादे निवृत्त पाळक बदलीवर येतात; तेही मिळाले नाहीत तर रीडरने प्रातःप्रार्थना घ्यावी किंवा, बिशपांची परवानगी असल्यास, आधी अभिषिक्त केलेल्या भाकरी-द्राक्षारसाने प्रभुभोजन द्यावे. या काळात काही नवे सुरू करू नये. सप्टेंबर अखेरीस किंवा ऑक्टोबरात हंगामाची उपकारस्तुती येते. इंग्रजी चर्चमधला तिचा आजचा प्रकार १८४३ मध्ये कॉर्नवॉलमधील मॉरवेन्स्टो येथे रॉबर्ट हॉकर या पाळकांनी सुरू केला, पण अहिल्यानगरच्या मंडळ्यांतून आलेल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही. ज्वारी-बाजरीची कणसे, भाजीपाला, कोंबड्या वेदीपुढे आणून नंतर त्यांचा लिलाव करणे आपण लहानपणापासून पाहिले आहे. इथे शहरातल्या अन्नपेढीला टिकाऊ जिन्नस द्यायचे असतात, तेव्हा कोणते जिन्नस चालतील याची यादी त्यांच्याकडून आधी घ्यावी. लिलावाची पद्धत मात्र अवश्य सुचवून पाहावी; नायजेरियन आणि घानाच्या कुटुंबांकडेही ती आहे आणि इंग्रज मंडळींना ती आवडते.

नोव्हेंबराविषयी मला सगळ्यात कळकळीने लिहायचे आहे. परदेशी राहणाऱ्या माणसाचे सगळ्यात मोठे दुःख म्हणजे घरच्या दफनविधीला पोचता न येणे. रात्री फोन येतो, तिकीट मिळत नाही किंवा रजा मिळत नाही, दुसऱ्या दिवशी दफन होऊनही जाते, आणि माणूस सोमवारी कामावर जातो. या दुःखाला इथे कोणतीही रीत नसते, कोणी भेटायला येत नाही, घरी कोणी बसायला येत नाही. २ नोव्हेंबरची मृतांच्या स्मरणाची उपासना हे त्याचे स्थान आहे. महिनाभर आधी चर्चच्या दाराशी एक वही ठेवावी, लोकांनी तीत आपल्या मृतांची नावे लिहावीत, आणि उपासनेत ती सगळी नावे सावकाश वाचावीत. नावांचे उच्चार आधी विचारून घ्यावेत. मराठी आईचे किंवा योरुबा आजोबांचे नाव चुकीचे वाचले गेले तर केलेले सगळे वाया जाते. प्रत्येक नावानंतर एक मेणबत्ती लावावी. याला कितीही वेळ लागला तरी उपदेश छोटा करावा, नावे कमी करू नयेत. आपल्या कौन्सिलने या वर्षात एकच नवी गोष्ट करायची ठरवली, तर ती ही असावी.

त्याच महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ब्रिटिश परंपरेतला युद्धस्मृतीचा रविवार येतो. डच लोक आपल्या मृतांचे स्मरण ४ मे रोजी रात्री आठ वाजता दोन मिनिटांच्या मौनाने करतात, पहिल्या महायुद्धात हा देश तटस्थ होता, आणि जर्मन कुटुंबांचा स्मरणदिन आगमनकाळापूर्वीच्या दुसऱ्या रविवारी येतो; त्यामुळे या दिवशी शब्द जपून वापरावे लागतात. लाल पॉपीचे फूल (युद्धस्मृतीचे चिन्ह) आणि मौन ठेवावे, पण प्रार्थना सर्व राष्ट्रांच्या मृतांसाठी असावी. आपल्या लोकांना हा दिवस परका वाटण्याचे कारण नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरील लढाईतल्या पराक्रमासाठी तोच सन्मान मिळाला. युरोपच्या भूमीवर झालेल्या युद्धाच्या स्मरणात ही नावेही घेतली जावीत, असे आपण कौन्सिलला निःसंकोच सांगावे.

वेगवेगळ्या परंपरांच्या प्रश्नावर माझा अनुभव असा की देशवार रविवार साजरे करण्याने फारसे साधत नाही. भारतीय रविवार, आफ्रिकी रविवार असे वाटे पाडले की त्या-त्या दिवशी ती-ती माणसे राबतात आणि बाकीचे पाहुणे होऊन बसतात. त्याऐवजी वर्षाच्या मूळ चौकटीतच प्रत्येकाचे काहीतरी कायमचे असावे. प्रभूची प्रार्थना दर रविवारी ज्याने त्याने आपल्या मातृभाषेत म्हणावी. याला काही खर्च येत नाही आणि पहिल्याच रविवारी आलेल्या नवख्याला धीर मिळतो. मराठी कुटुंबांनी उपवासकाळात एक मराठी गीत शिकवावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते आपल्या ओवी-अभंगांच्या चालीवर आहेत, त्या चाली सोप्या आणि सावकाश आहेत, आणि उपवासकाळाला त्या शोभतात. रोमन लिपीत शब्द आणि खाली अर्थ छापावा, दोन रविवार आधी उपासनेपूर्वी दहा मिनिटे चाल म्हणून घ्यावी, आणि पेटी मिळाली तर ऑर्गनऐवजी पेटीवरच साथ करावी. नाताळात करंज्या, शेव आणि चकल्या आणाव्यात हे वेगळे सांगायला नको, पण त्याचबरोबर आपल्यातल्या कोणीतरी वाचकांच्या यादीत, कोणीतरी हिशेबात आणि कोणीतरी मुलांच्या वर्गात नाव द्यावे. स्वयंपाकघरापुरते राहू नये.

आपल्या जिल्ह्यातून नवी कुटुंबे येतील तेव्हा त्यांना एवढे सांगावे की चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे अँग्लिकन कम्युनियनचे सभासद असल्यामुळे त्यांना इथे प्रभुभोजन घेण्यास किंवा सेवेत भाग घेण्यास काही अडचण नाही. गावच्या पाळकांचे शिफारसपत्र आणि बाप्तिस्मा-दृढीकरणाचे दाखले सोबत आणावेत आणि इलेक्टोरल रोलवर (मंडळीच्या मतदारयादीवर) नाव नोंदवून घ्यावे, कारण वार्षिक सभेत मतदानाचा हक्क त्या नोंदीवरूनच मिळतो.

कौन्सिलपुढे नुसता विरोध मांडू नका. २०२७ चे तयार वेळापत्रक घेऊन जा. राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे, ईस्टर २८ मार्चला, स्वर्गारोहण दिन ६ मेला, म्हणजे ४ आणि ५ मेच्या राष्ट्रीय दिवसांना लागूनच, पेंटेकॉस्ट १६ मेला, आणि आगमनकाळाचा पहिला रविवार २८ नोव्हेंबरला. मार्चमधली उपवासकाळाची वाटचाल आणि पवित्र आठवडा त्या वर्षी वसंताच्या सुट्टीच्या बऱ्याच आधी येतो, म्हणून माणसे शहरातच असतील. फक्त एक काळजी घ्यावी लागेल: २८ मार्चच्या पहाटेच घड्याळे एक तास पुढे जाणार आहेत. शनिवार रात्रीचे जागरण लवकर आटोपेल असे ठरवावे, ईस्टरच्या सकाळची उपासना नेहमीपेक्षा अर्धा तास उशिरा ठेवावी, आणि घड्याळाची सूचना झावळ्यांच्या रविवारच्या पत्रिकेत पहिल्याच पानावर छापावी.